डीपीएफ काढला, गाडी सुटली. मग धूर गेला कुठे?

मालवण : दिवाळीची सुट्टी लागली की तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. टुरिस्ट गाडीवाल्यांचे हेच कमाईचे दिवस. आणि नेमकं अशाच वेळी एखाद्या डिझेल गाडीच्या मीटरवर पिवळी लाईट पेटते. गाडी जोर धरत नाही, चढावाला दम टाकते, ॲक्सिलरेटर दाबला तरी एका वेगाच्या पुढे जात नाही. कंपनीच्या वर्कशॉपला दाखवलं की उत्तर मिळतं, "डीपीएफ चोक झालाय, बदलावा लागेल." मोठ्या गाडीत हा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चिपी विमानतळाचं भाडं ठरलेलं असतं आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असतो.

मग कुणीतरी सांगतं, "दादा, ता काढून टाकूया. काय होवचा नाय, गाडी उलट पळतली."

आणि गाडी खरंच पळते. लाईट जाते, पिकअप येतो, भाडं हातचं जात नाही. म्हणूनच हा सल्ला एकाकडून दुसऱ्याकडे जातो. डीपीएफ काढणं, ईजीआर बंद करणं, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पोकळ करणं, युरियाची टाकी असलेल्या डंपरला 'बायपास' लावणं, ही सगळी एकाच जातीची कामं. यात गाडीमालकाच्या पदरात नेमकं काय पडतं, पुढे त्याच्याकडून काय जातं आणि काढण्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे का, हे समजून घेतलं पाहिजे. कारण काढलेल्या भागाबरोबर धूर कमी होत नाही. तो फक्त सायलेन्सरमधून बाहेर येऊन रस्त्यावर पसरतो.

हे डबे करतात तरी काय?

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्याआधीच्या बीएस-४ नियमात डिझेल कारला एका किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइड या विषारी वायूची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली गेली. डिझेलमधलं गंधकही ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. एवढी मोठी कपात नुसतं इंजिन सुधारून होत नाही, म्हणून सायलेन्सरच्या लाईनमध्ये वेगवेगळी यंत्रं आली.

डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते. धूर तिच्या भिंतीतून जातो आणि काजळी आत अडकते. चांगल्या स्थितीतली गाळणी ९० टक्क्यांहून जास्त काजळी पकडते. भात गाळायची चाळण भरली की आपण झटकतो, तशी ही गाळणी स्वतःला जाळून साफ करते. साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की अडकलेली काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात.

ईजीआर हा व्हॉल्व्ह जळलेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आतली आग थोडी थंड राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतो. बोलेरो, सुमोच्या काळापासून गॅरेजमध्ये पत्र्याची चकती लावून हा व्हॉल्व्ह बंद करायची पद्धत आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पेट्रोल गाडीतही असतो. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या महाग धातूंचा पातळ थर त्याच्या आत असतो. तो कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूचं रूपांतर कमी घातक वायूत करतो.

मालवणातच डीपीएफ का तुंबतो?

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची डिझेल गाडी आठ-दहा तास हायवेवर चालते. सायलेन्सर तापतो आणि गाळणी वाटेतच साफ होते. गावात राहणाऱ्या गाडीचं तसं नाही. घरातून भरड, भरडावरून फोवकांडा पिंपळ, तिथून जेटी. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, अरुंद रस्ता, दुसरा-तिसरा गिअर. पर्यटक किल्ल्यावर गेले की ते परत येईपर्यंत ड्रायव्हर एसी लावून गाडी चालूच ठेवतो. इंजिन चालू असतं, काजळी जमत असते, पण सायलेन्सर हवा तेवढा तापत नाही.

गाडी स्वतःहून रीजनरेशन सुरू करते तेव्हाही घोटाळा होतो. त्या वेळी पंखा जोरात फिरतो, आयडलचा आवाज वाढतो, गरम वास येतो. ड्रायव्हरला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि तो गाडी बंद करतो. काम अर्धवट राहतं. असं दहा-वीस वेळा झालं की गाळणी तुंबते. शिवाय रीजनरेशनसाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. काम वारंवार अर्धवट राहिलं तर त्यातलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी न घालता वाढलेली दिसली, तर हे कारण असू शकतं.

किनाऱ्यावरची खारी हवा हे आणखी एक कारण. डीपीएफच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर, त्याच्या बारीक नळ्या आणि वायरिंग गंजतं. कधी कधी गाळणी ठीक असते आणि सेन्सरच खोटं बोलत असतो. चुकीचं ऑइल हाही दोष. डीपीएफच्या गाडीला कमी राख करणारं ऑइल लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून दुसरं टाकलं की त्याची राख गाळणीत बसते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही.

म्हणजे यंत्र वाईट आहे असं नाही. लांब पल्ल्याच्या रस्त्यासाठी बनवलेलं यंत्र जवळच्या फेऱ्यांना वापरलं जातंय, आणि हे विकताना ग्राहकाला नीट सांगितलं जात नाही. ज्याचं रोजचं चालणं पंधरा किलोमीटरच्या आत आहे, त्याला डिझेल गाडी गळ्यात घालताना शोरूममध्ये हा विषय सहसा निघत नाही.

काढल्यावर फायदा होतो का?

थोडा होतो, हे मान्य करावं लागेल. धुराला अडथळा राहत नाही म्हणून पिकअप किंचित सुधारतो. रीजनरेशनला लागणारं डिझेल वाचतं. ईजीआर बंद केला की इंजिनच्या हवेच्या वाटेत काजळी कमी साचते. गॅरेजवाला जे सांगतो त्यातलं एवढं खरं आहे.

पण तो पुढचं सांगत नाही. नुसता डीपीएफ काढून भागत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला तो नसल्याचं कळतं आणि गाडी पुन्हा लंगडी होते. म्हणून कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलावा लागतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत 'मॅपिंग' म्हणतात. हे मॅपिंग अनेकदा कुठून तरी उतरवलेल्या फाईलवर चालतं. त्यात डिझेलचं प्रमाण चुकलं तर इंजिन जास्त तापतं, टर्बोवर ताण येतो. पुढे कधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं, तर जुना प्रोग्राम परत बसतो आणि गाडी तिथेच अडकते. वॉरंटी तर पहिल्याच दिवशी धोक्यात येते. अपघात किंवा आग लागल्यानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बदललेली गाडी दिसली, तर दावा अडवायला त्याच्या हातात आयतं कारण मिळतं.

आणखी एक हिशेब फार कमी लोक करतात. काढलेल्या कन्व्हर्टरला आणि डीपीएफला भंगारात चांगला भाव असतो, कारण आत महाग धातू असतात. गाडीवाला काढायचे पैसे देतो आणि काढलेला माल गॅरेजमध्येच सोडून येतो. म्हणजे समोरचा दोन्हीकडून कमावतो. पुढे फिटनेससाठी किंवा गाडी विकताना तोच भाग परत बसवायचा म्हटलं, तर नवा घ्यावा लागतो. डीपीएफ काढून वाचवलेले पैसे तिथे व्याजासकट जातात.

मेकॅनिकचं स्वतःचंही नुकसान होतं. छिन्नीने आतली वीट फोडताना उडणारी काळी धूळ म्हणजे सिरॅमिकचे कण आणि साचलेली काजळी. बंद शेडमध्ये, तोंडाला रुमालही न बांधता हे काम करणाऱ्या पोराच्या छातीत ती थेट जाते.

"आमच्याकडे वारा आहे, धूर उडून जातो"

मालवणात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दिल्ली-मुंबईसारखी हवा इथे नाही, हे खरं. समुद्राचा वारा धूर पसरवतो. पण धुराचा त्रास गावाच्या सरासरी हवेवर ठरत नाही. तो धूर सोडणाऱ्या सायलेन्सरपासून माणूस किती हातावर उभा आहे, त्यावर ठरतो.

देवबागची वाट आठवून बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर अंगणाला लागून गेलेला रस्ता. गाड्या एकमेकांना बाजू देत उभ्या राहतात तेव्हा सायलेन्सरचं तोंड कुणाच्या तरी ओटीकडे असतं. करूळ किंवा आंबोली घाटात डिझेल गाडीच्या मागे दुचाकीवर अडकलेला माणूस, पुढे बसवलेलं लहान मूल, शाळा सुटल्यावर कडेने चालणारी पोरं. यांच्यापर्यंत धूर पोचतो तेव्हा वाऱ्याला तो पातळ करायला वेळच मिळालेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. काजळीचे सगळ्यात बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. नायट्रोजन डायऑक्साइडने दमेकऱ्याचा दमा उसळतो. ईजीआर बंद केल्यावर हाच वायू वाढतो, आणि तो काळ्या धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून "धूर तर दिसत नाय" या बोलण्याला अर्थ नाही.

थोड्या गाड्यांनी काय फरक पडतो, याचंही उत्तर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला. तिथे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांची अशी यंत्रं काढली किंवा बंद केली गेली होती. त्यांच्यामुळे वाढलेलं प्रदूषण म्हणजे ९० लाख जादा गाड्या रस्त्यावर आणल्यासारखं आहे, असा निष्कर्ष निघाला. एक काढलेली गाडी सुमारे सोळा चांगल्या गाड्यांएवढी भारी पडते.

पीयूसी पास होते, मग चूक काय?

डीपीएफ काढलेल्या अनेक गाड्या पीयूसीला पास होतात आणि गाडीवाला निर्धास्त होतो. यात गाडीवाल्यापेक्षा तपासणीचा दोष मोठा आहे.

पीयूसी सेंटरवर डिझेल गाडी उभ्या-उभ्या रेस करतात आणि बाहेर येणारा धूर किती दाट आहे तेवढं मशीन बघतं. बारीक कण किती आहेत हे ते मोजत नाही, नायट्रोजन ऑक्साइडही मोजत नाही. ज्या इंजिनची नोझल चांगली आहेत, ते डीपीएफ नसतानाही त्या मर्यादेत बसू शकतं. म्हणजे बीएस-६ गाडी घ्यायला ग्राहकाने जादा पैसे मोजले, पण ती रस्त्यावर बीएस-६ राहिली की नाही हे तपासायला गावात यंत्रच नाही.

युरोपात हीच अडचण होती. तिथे बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत धुरातले कण प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, काही मिनिटांत आकडा मिळतो, आणि फुटलेला किंवा काढलेला डीपीएफ लगेच पकडला जातो. ओरोसच्या आरटीओ कार्यालयात फिटनेसला येणाऱ्या गाड्यांसाठी असं एक यंत्र आलं, तरी जिल्ह्यातलं चित्र बदलेल.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. सीएनजी किटसारख्या काही बदलांना परवानगी आहे, पण त्यासाठी मंजूर किट आणि आरसीवर नोंद लागते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं, की कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांच्या विरुद्ध बदललेल्या गाडीची नोंदणी करता येणार नाही.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. डीपीएफ काढला आणि ईजीआरही बंद केला, तर ते दोन बदल धरले जाऊ शकतात. हवा प्रदूषणाचे नियम मोडून गाडी चालवली तर कलम १९०(२) नुसार दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने रद्द होण्याची तरतूद आहे.

यातली एक गोष्ट गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी. १८२-अ च्या त्या पोटकलमात शिक्षा मालकाला आहे. "काय होवचा नाय" म्हणणाऱ्याचं नाव त्या कागदावर येत नाही.

कंपनीनेच केलं तेव्हा

हे नियम फक्त गरीब गाडीवाल्यासाठी आहेत का, असा प्रश्न कुणी विचारेल. त्यासाठी फोक्सवॅगनचं प्रकरण माहीत असावं. त्याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं, की या जर्मन कंपनीने डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक छुपा प्रोग्राम टाकला होता. तपासणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण चालवायची. रस्त्यावर आली की यंत्रणा ढिली व्हायची आणि नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत जायचा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. चोरी पकडली गेली ती प्रयोगशाळेत नाही. विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या डिकीत मोजणीचं यंत्र ठेवलं आणि गाडी हायवेवर पळवली, तेव्हा आकडे जुळेनात.

भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने आरोग्याच्या नुकसानीची भरपाई १७१.३४ कोटी रुपये काढली. लवादाने ती वाढवून मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. भारतात नियम मोडला नाही अशी भूमिका घेत कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मे २०१९ मध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला.

गावच्या गॅरेजमध्ये मॅपिंग करून डीपीएफ-ईजीआर बंद करतात तेव्हा त्या कंपनीने केलं तेच होतं, फक्त एका गाडीपुरतं. त्या प्रकरणानंतर जगभर रस्त्यावरच्या मोजणीला महत्त्व आलं. भारतातही एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलना प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजून पास व्हावं लागतं. पण ही कसोटी कंपनीसाठी आहे. गाडी विकली गेल्यावर तिच्या नशिबी पीयूसीच येते.

डंपरचा युरिया आणि शेतातला युरिया

चिरे, वाळू, खडी वाहणाऱ्या बीएस-६ डंपरमध्ये डीईएफची वेगळी टाकी असते. ड्रायव्हर तिला युरियाची टाकी म्हणतात. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, असं ते द्रावण असतं. ते धुरात फवारलं की नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद कमी होते, म्हणून काही जण कॉम्प्युटरला फसवणारं छोटं यंत्र बसवतात.

काहींनी त्याहून घातक उपाय शोधला आहे. सोसायटीतून आणलेला शेतीचा युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतायचा. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो आणि विहिरीच्या पाण्यात क्षार. दोन्ही मिळून पंप, नोझल आणि आतला महाग कॅटॅलिस्ट खराब करतात. शिवाय शेतकऱ्याच्या सबसिडीचा युरिया गाडीला वापरणं हा गुन्हा आहे तो वेगळाच.

ईकोचा सायलेन्सर

पेट्रोल गाडीवाल्यांना वाटतं हा विषय आपला नाही. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. चोरांना हवी असते ती कन्व्हर्टरमधली धातू असलेली माती. काही जण अख्खा सायलेन्सर नेतात, काही आतला माल काढून रिकामा डबा परत जोडतात.

आपल्याकडे शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या आणि लग्नाचं वऱ्हाड याच गाडीतून जातं. सायलेन्सर चोरीला गेला आणि मालकाने स्वस्तातला पोकळ डबा कसाबसा जोडून घेतला, तर धोका फक्त बाहेरच्या हवेला नसतो. कन्व्हर्टर नसल्याने कार्बन मोनॉक्साइड जास्त बाहेर पडतो, आणि जोड नीट नसला तर तो फरशीखालून गाडीत शिरू शकतो. या वायूला वास नाही, रंग नाही. पोरांना गाडीत डोकं दुखतं, मळमळतं अशी तक्रार वारंवार आली, तर घाटाला दोष देण्याआधी सायलेन्सर तपासून घ्यावा.

मग करायचं काय?

डीपीएफची लाईट पेटली म्हणजे डीपीएफ मेला, असं नाही. उपाय पायरीपायरीने करावा.

पहिली पायरी, हायवे. मीटरवर फक्त डीपीएफची लाईट आहे आणि गाडी अजून लंगडी झालेली नाही, तर ती कसालला किंवा कुडाळला न्यावी आणि तिथून मुंबई-गोवा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता, एक गिअर खाली ठेवून एकसारखी चालवावी. बहुतेक वेळा लाईट जाते. ज्यांची गाडी गावातच फिरते, त्यांनी आठ-पंधरा दिवसांतून एकदा हे करायची सवय लावावी. चार लिटर डिझेल जातं, पण लाखाचं काम टळतं.

दुसरी पायरी, स्कॅनर. लाईट गेली नाही तर आधी सेन्सर आणि त्याच्या नळ्या बघायला सांगाव्यात. मग स्कॅनर लावून उभ्या गाडीत जबरदस्तीचं रीजनरेशन करता येतं. त्या वेळी सायलेन्सर लालबुंद तापतो, म्हणून गाडी काजू-आंब्याच्या बागेत पातेऱ्यावर उभी करू नये. वणवा लागायला वेळ लागत नाही.

तिसरी पायरी, धुणं. डीपीएफ उतरवून खास मशीनवर साफ करून तोच परत बसवता येतो. नव्याच्या मानाने हा खर्च बराच कमी असतो. "बदला" असं सांगितलं की "साफ करून चालेल का?" हा प्रश्न लेखी विचारावा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीचा दावा करावा.

जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. थंड सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवून बघायचं. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ राहतं. दाट काळी काजळी लागली तर गाळणी फुटलेली किंवा काढलेली आहे असं समजून भाव ठरवावा.

हे सगळं खरं असलं तरी मुख्य अडचण राहते. देवबागच्या गाडीवाल्याला स्कॅनर आणि साफ करण्याचं मशीन गाडीच्या कंपनीनुसार कुडाळ, कणकवलीत मिळालं तर मिळालं, नाहीतर थेट कोल्हापूर किंवा गोवा. सीझनमध्ये दोन दिवस गाडी बंद म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली. घराशेजारचा मेकॅनिक तासाभरात गाडी 'मोकळी' करून देत असेल, तर नुसता कायदा सांगून कुणी ऐकणार नाही. टुरिस्ट गाडीवाल्यांच्या संघटनांनी मिळून जिल्ह्यात एक चांगला स्कॅनर आणि साफसफाईची सोय मागितली, किंवा स्थानिक मेकॅनिकांनाच त्याचं प्रशिक्षण मिळालं, तर काढण्याचा धंदा आपोआप कमी होईल. तेच हात तेच पैसे गाळणी साफ करून कमावतील.

सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर केलं गेलं. इथे येणारा पाहुणा स्वच्छ समुद्र आणि हवेसाठी येतो, आणि टुरिस्ट गाडीवाल्याचं पोट त्याच हवेवर चालतं. पुढच्या वेळी मीटरवर पिवळी लाईट पेटली, तर गॅरेजच्या आधी गाडी हायवेला घालून बघावी.